चौथ्या नमुन्याचा वास

४ जून

चि. नकटीस, आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी आलं. तुझी आई वाचून दाखवते म्हणाली. मी म्हटलं, वर माझं नाव आहे, मीच वाचीन. चार इयत्ता शिकले त्या काय लोणचं घालायला? दोन दुपारी लागल्या, पण सगळं वाचलं आणि मग खुर्चीत एकटीच हसत बसले. माझी नात साबणाच्या कारखान्यात वास घ्यायच्या टेबलावर बसते, इंग्रजीत कार्डं लिहिते, आणि अडलं की विचारते कोणाला, तर मला. तुझ्या आईला हे दोनदा ऐकवलं. ती म्हणाली, "आता महिनाभर हेच का?" मी म्हटलं, हो.

फोन कर म्हणू नकोस. फोनवर तुझा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. मी नुसती हं हं करते आणि तू काय बोललीस ते मागाहून तुझी आई मला ओरडून सांगते. त्यापेक्षा पत्र बरं.

तर वासाचं. आपल्याकडे शब्द किती ते मोजले नाहीत बाई. पण एकतीस वर्षं दवाखान्याच्या धुलाईखान्यात काढली, त्यातली पहिली बारा निवडणीच्या टेबलावर. गाठोडं सुटलं की कपडा नाकाशी न्यायचा नाही. हात लांब करायचा, कपडा एकदा झटकायचा, जे येईल ते येऊ द्यायचं. आंबूस आलं तर लहान मुलांच्या वॉर्डातलं, दूध ओकलेलं. लोखंडासारखं आलं तर रक्त, ते आधी गार पाण्यात, गरम लागलं की डाग जन्माचा बसला. उग्र आलं तर मलम, ते सोड्यात. कुबट आलं तर कोणीतरी आळशाने ओला कपडा तसाच गाठ मारून ठेवलेला. त्या आळशाचं नाव आम्हाला माहीत होतं, पण तो मुकादमाचा मेहुणा.

आता कुठला शब्द कुठे म्हणशील, तर वास म्हणजे सगळेच. सुवास म्हटलं की पाहुणे आल्यासारखं नीट बसावं लागतं. दरवळ आपणहून येतो, आपण घ्यायला जात नाही. घमघमाट त्याचाच मोठा भाऊ, त्याला जरा हळू म्हणावंसं वाटतं. दर्प नाकात काडी घालतो. आणि घाण ती घाण, तिची ओळख करून द्यावी लागत नाही.

आता तुझ्या इंग्रजीतले पाठव. खालच्या मजल्यावरचे कंपाउंडर रोज जिन्यात मला एकेक इंग्रजी शब्द फेकून मारतात, एकदा त्यांना परत मारायचा आहे. जुलैत सहा महिने भरतात ना तुझे? नोकरीत पक्की झालीस की पहिलं पत्र मला, मग आईला.

तुझी आजी

११ जून

प्रिय आजी,

तुझं पत्र चारदा वाचलं. टेबलावरच्या कार्डाला एक शब्द आणि दोन ओळी लागतात. इंग्रजी मला येतं, पण वासाचं इंग्रजी यायला आधी वास मराठीत डोक्यात यावा लागतो, म्हणून तुला त्रास.

हे घे शब्द. स्मेल म्हणजे तुझा वास, सगळेच. पण नुसतं "इट स्मेल्स" म्हटलं, पुढे काहीच जोडलं नाही, तर तो वाईटच धरतात. फ्रेग्रन्स फुलांचा, अत्तराचा, आमच्या खोक्यावर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात छापतात तो. ओडर खोक्याच्या मागच्या बाजूला, साबणाने जो घालवायचा तो. डॉक्टर, नळदुरुस्तीवाले असे लोक हा शब्द चेहरा न हलवता वापरतात. अरोमा खाण्यापिण्याचा, कॉफीचा, भाजलेल्या पावाचा. सेंट हलका, माणूस उठून गेल्यावर खुर्चीपाशी राहतो तो. कुत्रा माग काढतो तोही सेंटच. आणि स्टेंच आला की शब्द शोधत थांबू नये, निघावं.

आमच्या खोलीच्या मुख्य बाईंना आम्ही पाठीमागे मोठं नाक म्हणतो. नाक तसं लहानच आहे. त्या म्हणतात, चुकीचा शब्द म्हणजे चुकीचा साबण. फ्रेग्रन्सच्या जागी ओडर लिहिलंस तर माल परत जातो.

एक काम कर ना. नुकत्याच इस्त्री केलेल्या चादरीचा वास कसा असतो, तो मला सविस्तर लिही. घाई करू नकोस, पण या आठवड्यात लिही. लिंबाच्या सालीचाही. आणि खवट म्हणजे नेमकं कसं, तेही. हल्ली टेबलावर दिवसभर बसून सगळं सारखंच वाटायला लागतं.

ताप केव्हाच गेला. आईला सांग, मी नीट जेवते.

तुझी नकटी

१६ जून

चि. नकटीस आशीर्वाद.

अरोमा मारला. कंपाउंडर जिन्यात भेटले, हातात समोरच्या भट्टीतला पाव. मी म्हटलं, काय हो, अरोमा आहे अगदी. ते दोन पायऱ्या खाली गेले, परत वर आले आणि म्हणाले, "तुम्हाला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, आमच्याकडे घरातच आहे. मग त्यांनी माझी परीक्षा घेतली, "माझ्या या औषधाच्या तेलाला काय म्हणाल?" मी म्हटलं, त्याला ओडर, पण तुम्ही चेहरा हलवू नका. त्या दिवसापासून मला अहो बाई म्हणायला लागलेत, आधी नुसतं आजी म्हणायचे.

तुझे शब्द मी भांड्यांच्या फडताळाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलेत. मला सेंट सगळ्यांत आवडला. तुझे आजोबा गेले तेव्हा त्यांचा कोट मी वर्षभर धुतला नव्हता. माझा धंदा धुण्याचा, तरी नाही धुतला. त्याला शब्द आहे हे आता कळलं.

आता चादर. इस्त्रीच्या रोलरमधून चादर निघते तेव्हा पहिला वास वाफेचाच असतो, तो धरू नकोस, तो सगळ्यांचा सारखा. घडी घालताना दुसरा येतो. गरम, कोरडा, करपायच्या जरा अलीकडचा. उन्हात तापलेल्या कागदासारखा म्हण, पण कागदापेक्षा गोड. त्यात साबण शोधू नये. साबणाचा वास आला तर चादर नीट खळबळलेली नाही. चांगल्या चादरीला स्वच्छ काहीही नसल्याचा वास येतो. वाचून हसशील, पण निवडणीवरच्या कोणालाही विचार.

लिंबाची साल टोचते आणि लगेच माफी मागते. खवट म्हणजे तेल म्हातारं होऊन चिडलेलं. जुन्या डब्याचं झाकण उघडल्यावर घशाच्या मागे जाऊन बसतं, आणि पाणी प्यायलं तरी उठत नाही.

बरं, आता मला खरं सांग. कार्डासाठी इतकं लागतं होय? चादर काय, लिंबू काय. मला वाटतं कारखान्यात कोणीतरी आहे, आणि त्याला तू असली गोड गोड पत्रं लिहितेस आणि माल माझा वापरतेस. असेल तर असू दे, मी आईला बोलत नाही. फक्त त्याला स्वतःचे कपडे धुता येतात का, तेवढं बघ.

तुझी आजी

२४ जून

प्रिय आजी,

तुझी शपथ, कोणी नाही. असता तर तुझ्या ओळी त्याच्यावर कशाला वाया घालवल्या असत्या.

अठ्ठावीस तारखेला आमची चाचणी आहे, पक्कं करण्याआधीची. पाच नमुने, पाच कार्डं. या खोलीची एक पद्धत आहे. पाचांत एक नमुना मुद्दाम नासका ठेवतात. कुठला ते फक्त मोठ्या नाकाला माहीत. ज्याला तो सापडत नाही तो टेबलावरून उठतो.

अभ्यास करते आहे. तुझी पत्रं उशाशी आहेत. परवा संध्याकाळी वाचत बसले आणि दूध गॅसवर राहिलं. शेजारच्या खोलीतली नर्स दार वाजवायला लागली तेव्हा कळलं, पातेलं पार काळं. ती म्हणाली, "अगं, जिन्यापर्यंत आलंय आणि तू इथेच बसलीयस?" वाचनात गुंग होते, झालं.

आईला दुधाचं सांगू नकोस, ती पातेल्यावरून बोलत बसेल.

तुझी नकटी

२७ जून

नकटे,

हे पत्र लहान आहे. तुझ्या आईला दाखवलेलं नाही.

करपलेलं दूध जिन्यापर्यंत गेलं आणि तू त्याच खोलीत होतीस. वाचनात गुंग माणसाचे कान जातात, नाक जात नाही. नाकाला पापणी नसते. मी एकतीस वर्षं वासावर जेवले आहे ग. मेच्या तापात तुझं नाक गेलं ना? आणि मी इथे बसून चादरी घडी करून पाठवत होते, कोणीतरी आहे का विचारत होते. माझ्या हुशारीचं मलाच हसू आलं, आणि मग नाही आलं.

नाक गेलं म्हणून मी रागावले नाही. लपवलंस म्हणून रागावले आहे. आणि का रागावले ते सांगते. हे तुझ्या बापालाही ठाऊक नाही.

निवडणीवरून मला रोलरवर टाकलं. तिथे आवाज एवढा की वर्ष दोन वर्षांत कान गेले. मी कोणाला सांगितलं नाही. तुझे आजोबा नव्हते, तुझा बाप शाळेत, बहिरी बाई मशिनीवर कोण ठेवील? मी ओठ बघून कळून घ्यायला शिकले. इतकं सफाईने की मुकादमाला पत्ता नाही. रोलरच्या पलीकडे माझी जोडीदारीण असायची, मी चादर घालायची, ती ओढून घ्यायची. एकदा तिची बाही अडकली. ती थांब म्हणून ओरडली. मी खाली चादरीची कड बघत होते. तिच्याकडे बघितलं असतं तर कळलं असतं. मशीन थांबवायची कळ माझ्या हाताशी होती. तीन बोटं भाजली तिची. बरी झाली, पण सरळ कधीच झाली नाहीत.

मी सगळ्यांना सांगितलं, मशिनीच्या आवाजात ऐकू आलं नाही. सगळ्यांनी मानलं. ती एकदाच म्हणाली, "आवाज तर रोजचाच होता." पुढे अकरा वर्षं आम्ही एकाच डब्यातून जेवलो आणि मी तिला सांगितलं नाही. ती गेली.

साबणाने कोणाची बोटं भाजत नाहीत, असं तू म्हणशील. पण तू ठीक म्हणून सही केलेला साबण कोणीतरी तान्ह्या पोराला लावतं. जा आणि बाईंना सांग. टेबलावरून उठवतील तर ऊठ. घरात तुझी गादी आहे.

आजी

५ जुलै

प्रिय आजी,

तुझं पत्र मला तीन तारखेला मिळालं. चाचणी होऊन गेली होती. सगळं ओळीने सांगते.

सात आठवडे झाले. ताप उतरला त्या सकाळी दात घासताना कळलं की पेस्टला नुसता गारवा आहे, बाकी काही नाही. वाटलं, दोन दिवसांत येईल. मग वाटलं, चार. मग इतके झाले की सांगायची लाज वाटायला लागली. टेबलावर मी शेजारणीच्या भुवया बघून लिहायचे. तू ओठ बघायचीस तसं. तुझ्या पत्रात ते वाचलं आणि पत्र पालथं ठेवून बसले.

चाचणीत बाजूला कोणी नव्हतं, प्रत्येकीला वेगळी खोली. पाच वाट्या. मी पाचही हुंगल्या, नाकाला पाचही रिकाम्या. मग रंगावरून ठरवलं. दुसरा पिवळट होता, त्यावर ओडर लिहिलं, खवट, तेल म्हातारं होऊन चिडलेलं. चौथा पांढराशुभ्र, गुळगुळीत. त्यावर फ्रेग्रन्स लिहिलं आणि खाली तुझी चादर इंग्रजीत, अख्खी. गरम, कोरडा, करपायच्या जरा अलीकडचा, स्वच्छ काहीही नसल्याचा.

दुसरा त्यांचा सगळ्यांत महागडा नवा साबण होता, मधाचा. नासका चौथा होता.

मोठ्या नाकाने सगळ्यांसमोर कार्डं वाचली, नावं न घेता. चौथ्याला चौघींनी खवट लिहिलं होतं. मग माझं वाचलं, सावकाश. कोणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "हे लिहिणारीला चादर माहीत आहे. साबण माहीत नाही." कार्ड खणात ठेवलं. मी मान खाली घातली. कोणाचं विचारलंही नाही त्यांनी. मी घरी आले आणि पाच दिवस तशीच जात राहिले.

काल सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले आणि सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, सात आठवडे. त्यांनी वही काढली आणि माझ्या सह्या मोजल्या. एकेचाळीस. म्हणाल्या, "चल, बसू." एकेचाळीस नमुने परत काढले. त्या आणि दोघीजणी वास घेत होत्या, मी फक्त आकडे लिहीत होते. दोन दिवस लागले त्याला, आज संपलं. चाळीस ठीक निघाले. एक खवट. आजी, तो लहान मुलांचाच होता. माल गोदामात होता अजून, गाडीत चढायचा होता.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "नाक जाणं हा आजार आहे. भुवया बघून सही करणं हा आजार नाही." मला पक्कं केलं नाही. तीन महिने मी खोक्यांवरचा मजकूर तपासायच्या टेबलावर. नाक आलं तर परत चाचणी, नाही आलं तर तिथून पुढे त्यांच्याकडे माझ्यासाठी काम नाही. डॉक्टरांनी लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब अशा चार बाटल्या दिल्यात, सकाळ संध्याकाळ हुंगायच्या. येईल म्हणतात, येणारच असं म्हणत नाहीत.

तुझ्या जोडीदारणीचं मी दोनदा वाचलं. तू मला सांगितलंस म्हणून मी जाऊ शकले, एवढंच कळतं.

नकटी

१० जुलै

चि. नकटीस आशीर्वाद, आणि या वेळी जरा जास्तीचे.

गेलीस ना. बस. मी दिवसभर घरात नाचते आहे. तुझी आई म्हणाली, "पोरीची नोकरी टांगणीला लागली आणि तुम्हाला आनंद कसला?" तिला सगळं सांगितलं. तुझं, आणि माझंही, रोलरचं. तिने मला चहा करून दिला आणि साखर दोनदा घातली. प्यायले तसाच.

मोठं नाक मला आवडली. तिला सांग, चादरीचं कळलं तिला म्हणजे कधीतरी स्वतः कपडे धुतलेत तिने.

आता बाटल्यांचं. डॉक्टरांचं बरोबर असेल, पण हुंगायचं कसं ते त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. निवडणीवर नवी मुलगी आली की पहिला महिना तिला काहीच येत नसे. तिला आम्ही कसला वास आहे असं विचारायचो नाही. डोळे मिटायला लावायचो आणि विचारायचो, हा कपडा कोणाचा, तो माणूस कुठे झोपला होता, कुशीवर की पाठीवर. ती काहीही बडबडायची. चूक का बरोबर आम्ही सांगायचो नाही. बोलता बोलता नाक जागं व्हायचं, विचारल्यावर लाजायचं. तू लिंबू हुंगताना लिंबू लिंबू घोकू नकोस. कोणी कापलं होतं, कुठल्या सुरीने, ते आठव. आणि जोरात ओढू नकोस, लांब धर, झटक.

कंपाउंडरांनी तुझ्यासाठी शब्द दिलाय, पेशन्स, म्हणजे धीर. मी म्हटलं, तुमच्या दवाखान्यात पेशंट होते, पेशन्स कुठे होता. हसले. पण शब्द ठेवून घेतला मी, तुझ्यासाठी.

रोज एक ओळ लिही. आलं नाही असं लिहिलंस तरी चालेल.

तुझी आजी

३० ऑगस्ट

प्रिय आजी,

रोजच्या ओळी तुला मिळाल्याच असतील. एकोणपन्नास वेळा आलं नाही. सुऱ्या आठवून आठवून मला आपल्या घरातली प्रत्येक सुरी पाठ झाली आहे.

आज कारखान्याच्या मागच्या जिन्याने खाली येत होते. हातात खोक्यांचे नमुने, म्हणून कठड्याला टेकून उतरत होते. मधल्या वळणावर काहीतरी झालं. डोकं दुखायच्या आधी होतं तसं, डोळ्यांच्या मध्ये. मी थांबले. आपणहून आलं, मी घ्यायला गेले नव्हते. उग्र, तेलकट, जरासं गोडही. मग गेलं. मी एक पायरी वर गेले, परत आलं. मी वर खाली, वर खाली करत होते. माल नेणारे दोघं बाजूने गेले, एकजण म्हणाला, "ताई, काही हरवलं का?" मी म्हटलं, नाही. मग खाली पाटी दिसली, रंग ओला आहे. कठड्याला हिरवा ऑइलपेंट लावला होता आणि माझी उजवी बाही कोपरापर्यंत हिरवी.

पाटी मी नंतर वाचली, आजी. आधी वास आला.

तशीच मोठ्या नाकाकडे गेले. त्यांनी बाहीकडे बघितलं, एक कोरं कार्ड पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "लिही." फ्रेग्रन्स नव्हता. ओडर लिहायला हात होईना, साडेतीन महिन्यांनी घरी आलेल्याला कोण असं बोलतं. मी नुसतं स्मेल लिहिलं. पुढे काहीच जोडलं नाही. त्यांनी वाचलं, खाली स्वतःची सही केली आणि चाचणीची तारीख घातली, चार ऑक्टोबर.

संध्याकाळी लवंगेची बाटली उघडली. काही नाही. पण मी रडले नाही.

तुझी नकटी

४ सप्टेंबर

चि. नकटीस,

पत्र तुझ्या आईनेच वाचलं, कारण माझा चष्मा ओला झाला होता. मग मी वाचलं. मग खाली जाऊन कंपाउंडरांना वाचून दाखवलं, त्यांनी मागितलेलं नसताना.

अजून महिना आहे. लवंग आली नाही तर नाही, तिला तिच्या वेळेने येऊ दे. चाचणीत जे येईल तेच लिही. एकच आलं तर एकच कार्ड भर, बाकी चार कोरी दे. कोऱ्या कार्डावर खोटी सही होत नाही.

आता कामाचं. ती बाही साबणाने घासत बसू नकोस, ऑइलपेंट हसेल तुला. फडक्यावर थोडं रॉकेल घे, बाहेरून आत असं पुसत ये, मग धू. खिडकी उघडी ठेव. आणि रॉकेलचा वास आला की फडकं तसंच खाली टाक आणि आधी मला लिही. डाग थांबेल.

तुझी आजी